फातिमा इस्माईल : पावलांना बळ देणारी आई

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सकाळी अंथरुणातून उठता, चपला घालता आणि पळत शाळा गाठता. पाऊल कसे उचलले, गुडघा कसा वाकला, याचा विचार तुम्ही कधी करत नाही. पाय आपला हुकूम ऐकतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण एखाद्या सकाळी पायाने हुकूम ऐकलाच नाही तर? सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या देशात हजारो मुलांच्या घरी अशी सकाळ उगवत असे. रात्री ताप आलेले मूल सकाळी उभे राहू शकत नसे. अशाच एका मुलीच्या आईची गोष्ट तुम्हांला या पाठात वाचायची आहे. त्या आईचे नाव फातिमा इस्माईल.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ साली झाला. सोबानी हे मुंबईतले एक श्रीमंत मुस्लिम व्यापारी घराणे होते. कापसाचा व्यापार आणि कापडाच्या गिरण्या यांमुळे घरात कशाचीच उणीव नव्हती. पण या घराची खरी ओळख त्याच्या श्रीमंतीमुळे झाली नाही, ती त्याच्या देशप्रेमामुळे झाली. फातिमाबाईंचे भाऊ उमर सोबानी हे महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. ३१ जुलै १९२१ या दिवशी मुंबईत परदेशी कापडाची मोठी होळी झाली. ती परळला उमर सोबानी यांच्याच गिरणीच्या आवारात झाली. विचार करा, ज्याचा धंदाच कापडाचा, त्याने आपल्या अंगणात अशी होळी पेटू द्यावी, ही साधी गोष्ट नव्हती. सरकारचा रोष आणि धंद्यातले नुकसान या दोन्ही गोष्टी त्या घराने सोसल्या. आपल्या सुखापलीकडे पाहण्याचा धडा फातिमाबाईंना असा घरातच मिळाला.

लग्नानंतर त्या फातिमा इस्माईल झाल्या. त्यांचे पती सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. अशा घरातल्या बाईने त्या काळी आरामात दिवस काढले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात भाग घेतला. बायकांना लिहिता-वाचता यावे, हाताला काही काम मिळावे, यासाठी त्या झटल्या. १९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली. पोलीस कार्यकर्त्यांच्या मागावर होते. त्या कठीण दिवसांत फातिमाबाईंच्या घरात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा मिळाला.

अशा या धीराच्या बाईच्या घरी एक दिवस संकट आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात त्यांच्या तीन वर्षांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. कालपर्यंत घरभर दुडुदुडु धावणारी मुलगी अंथरुणाला खिळली.

मित्रांनो, पोलिओ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. पोलिओ हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. घाण पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून हा विषाणू पोटात जातो. ज्यांच्या पोटात तो जातो, त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, किंवा थोडा ताप येऊन जातो. पण सुमारे दोनशेंमध्ये एखाद्या मुलाच्या बाबतीत तो रक्तातून पुढे जाऊन पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर हल्ला करतो. मज्जारज्जूमध्ये हालचालीच्या पेशी असतात. मेंदूने दिलेला हुकूम याच पेशी स्नायूंपर्यंत पोचवतात. विषाणू या पेशींना मारतो. मग मेंदू हुकूम देतो, पायाचे स्नायूही जागेवर असतात, पण मधला निरोप्याच नाहीसा झालेला असतो. पाय लुळा पडतो. त्या पायाला स्पर्श मात्र कळतो, टाचणी टोचली तर दुखते. कारण स्पर्शाचे मज्जातंतू वेगळे असतात आणि पोलिओ त्यांना सहसा हात लावत नाही.

त्या काळी पोलिओवर लसही नव्हती आणि औषधही नव्हते. विषाणूला मारणारे औषध तर आजही नाही. गावोगावी लोक याला नशिबाचा खेळ म्हणत. कोणी नजर लागली म्हणे, कोणी ताईत बांधी, कोणी कसले तरी तेल चोळून हाडे ओढी. मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांकडे गेले, तरी बहुतेक वेळा मान हलवून परत पाठवले जाई. मग ते मूल घराच्या कोपऱ्यात बसून मोठे होई. काही मुलांच्या नशिबी रस्त्यावर सरपटत भीक मागणे येई.

फातिमाबाईंनी हे नशीब मान्य केले नाही. मद्रासला डॉ. एम. जी. किणी नावाचे हाडांचे नामांकित शल्यचिकित्सक होते. मुलीला घेऊन त्या थेट मद्रासला गेल्या. मुंबईहून मद्रास म्हणजे त्या काळी रेल्वेचा लांबचा प्रवास, शिवाय युद्धाचे दिवस. पण त्या गेल्या, तिथे राहिल्या आणि महिनोन्‌महिने मुलीवर उपचार करून घेतले. नंतर त्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. पुणे हे लष्कराचे मोठे ठाणे. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभे करण्याचे काम तेथे चालू होते. १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्रही सुरू झाले होते. ज्या रीतीने जखमी जवानाला पुन्हा चालायला शिकवतात, त्याच रीतीने लहान मुलीलाही शिकवता येईल, हे फातिमाबाईंनी ओळखले. व्यायाम, शेक, मालिश आणि पुन्हा व्यायाम असा क्रम चालू राहिला. आई रोज शेजारी बसून सारे पाहत होती आणि शिकत होती. हळूहळू मुलीच्या पायात बळ येऊ लागले. ती पुन्हा चालू लागली.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. विषाणूने मारलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग गेलेली हालचाल परत कशी आली? ही शंका रास्त आहे. याचे उत्तर समजण्यासाठी आपण क्षणभर भाटघरला जाऊ.

पुणे जिल्ह्यात भोरजवळ भाटघर नावाचे गाव आहे. तेथे इंग्रजांच्या काळात बांधलेले मोठे दगडी धरण आहे. तुमच्यापैकी काही जणांनी ते सहलीत पाहिले असेल. या धरणाचे पाणी नीरा नदीतून पुढे जाते आणि नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतल्या शेतांना मिळते. कालव्यातून चारी निघते, चारीतून पाट निघतो आणि पाटातून एकेका वाफ्याला पाणी मिळते. समजा, एका शेताची चारी कायमची बुजली. धरणात पाणी आहे, वाफेही तयार आहेत, पण मधली वाट बंद झाली. ते शेत सुकू लागेल. पण शेजारचा शेतकरी भला असेल तर काय करील? तो आपल्या पाटाला एक छोटी शाखा फोडून तुमच्या वाफ्यांकडे वळवील. त्याच्या चारीवर भार वाढेल, पण तुमचे पीक वाचेल.

आपल्या शरीरात नेमके हेच घडते. पोलिओमध्ये हालचालीच्या सगळ्या पेशी मरत नाहीत. काही मरतात, काही नुसत्या सुन्न होतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा काम करू लागतात. ज्या पेशी वाचतात, त्यांच्या मज्जातंतूंच्या टोकांना नवीन धुमारे फुटतात. हे धुमारे शेजारच्या पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंपर्यंत पोचतात आणि त्यांना जोडून घेतात. अशा रीतीने एक पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त स्नायूतंतूंना हुकूम देऊ लागते. याशिवाय व्यायामाने उरलेले स्नायू जाड आणि बळकट होतात. आणि मेंदूही आपले काम बदलतो. दुबळ्या स्नायूकडून थोडे, सबळ स्नायूकडून जास्त, असे काम वाटून घेऊन चालण्याची नवी पद्धत तो शिकतो.

पण मित्रांनो, हे सगळे आपोआप पूर्णपणे होत नाही. पाय महिनोन्‌महिने न हलवता ठेवला, तर स्नायू वाळतात, सांधे आखडतात आणि पाय वाकडा होतो. मग नवे पाट फुटले तरी उपयोग काय? वाफाच उरलेला नसतो. म्हणून योग्य वेळी, योग्य रीतीने हालचाल करवून घेणे फार महत्त्वाचे असते. ताप असताना मात्र मुलाला पूर्ण विश्रांती लागते. त्या दिवसांत ताणलेला व्यायाम घातक ठरतो. ताप आणि दुखणे ओसरल्यावर हळूहळू, बेताने सुरुवात करायची असते. त्या काळात एलिझाबेथ केनी नावाची एक ऑस्ट्रेलियन परिचारिका जगभर गाजत होती. पोलिओच्या मुलांचे हातपाय पट्ट्यांत जखडून ठेवण्याऐवजी गरम, ओल्या लोकरी कापडाने शेकावेत आणि स्नायूंना पुन्हा शिकवावे, असा तिचा आग्रह होता. अनेक डॉक्टरांनी आधी तिला विरोध केला, पण पुढे तिच्या पद्धतीतला बराच भाग जगाने स्वीकारला.

आता पुन्हा फातिमाबाईंकडे येऊ. आपली मुलगी चालू लागली, तेव्हा त्या आनंदाने घरी बसल्या असत्या तरी चालले असते. पण त्यांच्या मनाला एक प्रश्न सतावत होता. माझ्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, म्हणून मी मद्रासला जाऊ शकले, पुण्याला राहू शकले. गिरणीत काम करणाऱ्या मजुराच्या मुलाने कुठे जायचे? हातगाडी ओढणाऱ्याच्या मुलीला कोण शेक देणार? या प्रश्नातूनच त्यांच्या पुढच्या आयुष्याचे काम उभे राहिले.

साल होते १९४७. देश स्वतंत्र होत होता आणि त्याच वेळी फाळणीच्या आगीत होरपळत होता. माणसे एकमेकांना नाव आणि धर्म विचारून ओळखत होती. अशा दिवसांत मुंबईत एका मुस्लिम बाईने पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्या कामाला जागा दिली ती मुंबईचे नामवंत शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी. तेथे येणाऱ्या मुलाची जात किंवा धर्म कोणी विचारत नसे. मुलाचा पाय किती वाकतो आणि किती उचलतो, एवढेच पाहिले जाई.

या कामासाठी जी संस्था स्थापन झाली, तिच्या नावात पुनर्वसन हा शब्द आहे. हा शब्द नीट समजून घ्या. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणे. भाटघरसारख्या धरणांत गावे बुडाली की तेथील लोकांचे पुनर्वसन करावे लागते. त्यांना नुसती जमीन देऊन भागत नाही. घर, शाळा, विहीर, मशीद, मंदिर, शेजार हे सारे पुन्हा उभे करावे लागते. आजारी मुलाचेही तसेच आहे. नुसते औषध देऊन भागत नाही. त्याला चालता यावे, शाळेत जाता यावे, पुढे पोट भरता यावे आणि चार माणसांत मानाने बसता यावे. हे सगळे झाले तरच ते मूल जगात पुन्हा वसले असे म्हणता येईल.

फातिमाबाईंनी हा पूर्ण अर्थ ध्यानात घेतला होता. पुढे मुंबईत हाजी अली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. समुद्रातला हाजी अलीचा दर्गा तुम्ही चित्रांत पाहिला असेल. त्याच्या समोरच्या भागात हे रुग्णालय होते. आज त्या परिसरात याच संस्थेचे मोठे बालरुग्णालय आहे. मुले मोठी झाल्यावर त्यांना काम मिळावे म्हणून फातिमाबाईंनी आणखी एक संस्था काढली. तेथे दिव्यांग स्त्री-पुरुष हातांनी वस्तू तयार करून आपली रोजी मिळवू लागले. त्या काळी अपंग हा शब्द वापरत, आता आपण दिव्यांग म्हणतो. शब्द बदलला, पण अशा माणसाला दयेपेक्षा संधी द्यावी हा फातिमाबाईंचा विचार आजही तितकाच खरा आहे.

भारत सरकारने १९५८ साली त्यांना पद्मश्री हा किताब दिला. १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली आणि १९८४ पर्यंत त्या खासदार होत्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत पोलिओ देशातून गेला नव्हता. १९५५ साली जोनास साक यांची लस जगापुढे आली आणि त्यानंतर आल्बर्ट साबिन यांची तोंडाने द्यायची लस आली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. घरोघरी, रेल्वे स्टेशनांवर, मोहल्ल्यांत, वाड्यावस्त्यांवर दोन थेंब पाजले गेले. निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही लस देणे थांबवलेले नाही, कारण हा विषाणू जगातून पूर्ण नाहीसा झालेला नाही. तुमच्या घरात लहान भावंड असेल, तर त्याची लस चुकू देऊ नका.

मग पोलिओ गेला, म्हणजे फातिमाबाईंचा धडाही जुना झाला का? नाही. तुमच्या ओळखीत एखाद्या दादीला किंवा नानाला फालिज झालेले तुम्ही पाहिले असेल. त्यालाच मराठीत अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतात. यात मज्जारज्जूला धक्का लागलेला नसतो. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि मेंदूचा एक भाग मरतो. मग एका बाजूचे हातपाय चालत नाहीत. पूर्वी लोक समजत की मोठ्या माणसाचा मेंदू दगडासारखा असतो, एकदा तुटला की तुटला. आता शास्त्रज्ञांना कळले आहे की मेंदू ओल्या मातीसारखा घडवता येतो. मेलेल्या भागाच्या शेजारचे भाग त्याचे थोडेफार काम उचलतात. पेशी पेशींमध्ये नवे दुवे तयार होतात. जे दुवे पुन्हा पुन्हा वापरले जातात ते पक्के होतात, जे वापरले जात नाहीत ते पुसट होतात. शेतातून रोज माणसे गेली की पायवाट उठते, आणि जाणे थांबले की तिच्यावर गवत उगवते, तसेच हे आहे.

या कामात विजेचीही मदत घेतात. कातडीवर छोट्या पट्ट्या चिकटवून मज्जातंतूला विजेचा हलका झटका देतात. त्याने स्नायू आखडतो आणि पाऊल वर उचलले जाते. त्याच वेळी रुग्ण स्वतः पाऊल उचलण्याचा प्रयत्न करतो. हालचाल झाल्याची खबर मेंदूला मिळते आणि दुवा पक्का होतो. २०२१ साली अमेरिकेत आणखी एका उपचाराला मान्यता मिळाली. मानेतून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला एक बारीक तार जोडतात. रुग्ण दुबळ्या हाताने पेला उचलत असतानाच त्या तारेतून अर्ध्या सेकंदाचा हलका झटका दिला जातो. त्यामुळे मेंदूत अशी द्रव्ये सुटतात की त्या क्षणी केलेली हालचाल मेंदू अधिक चांगली ध्यानात ठेवतो. जणू ही गोष्ट महत्त्वाची आहे, विसरू नकोस, असे कोणी मेंदूला बजावले.

पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या विजेच्या झटक्याने हात चालू लागत नाही. पेला उचलण्याचा सराव रुग्णालाच करावा लागतो, तोही रोज, शेकडो वेळा. यंत्र सरावाला मदत करते, सरावाची जागा घेत नाही. आणि सराव एकट्याने होत नाही. शेजारी बसून मोजणारे, धीर देणारे, चुकले तर हसू न करणारे कोणीतरी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, ते कोणीतरी तुम्ही होऊ शकता. घरात कोणाला अचानक तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे किंवा बोलणे अडखळणे असे झाले, तर वेळ न दवडता मोठ्यांना सांगा आणि रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायला लावा. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. नंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितले असतील, तर शाळेतून आल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. बोटे उघडली किती, पाय उचलला किती, हे वहीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. कदाचित पहिल्या महिन्यातही दिसणार नाही. सगळ्यांनाच पूर्वीसारखे चालता येईल असेही नाही. पोलिओ झालेल्या सगळ्या मुलांना तरी कुठे आले? काहींना कुबड्या लागल्या, काहींना पायाला पट्टी लागली. पण जी मुले कोपऱ्यात पडून राहिली असती, ती घराबाहेर पडली, शिकली, कमावती झाली.

फातिमाबाई डॉक्टर नव्हत्या. पेशींना धुमारे कसे फुटतात, हे त्या काळी डॉक्टरांनाही पुरतेपणी ठाऊक नव्हते. पण लुळ्या पायातही काही तरी शिल्लक असते, आणि जे शिल्लक आहे त्याच्यावर काम करता येते, हे त्यांनी आपल्या मुलीच्या पायात पाहिले होते. एका मुलीसाठी शिकलेली गोष्ट त्यांनी मुंबईतल्या गरिबांच्या मुलांपर्यंत पोचवली. तुमच्या वर्गात एखादा मुलगा लंगडत चालत असेल, तर त्याच्या चालीला हसू नका. ते एक पाऊल उचलायला त्याच्या शरीराने किती नवे पाट फोडले आहेत, ते आता तुम्हांला माहीत आहे.